दहा बटणं आणि एक फिडल

केजन, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या मूळच्या फ्रेंच लोकांचं, संगीत म्हटलं की अकॉर्डियन. लुइझियानात शिरल्याबरोबर ते सगळीकडे दिसायला लागतं: हायवेवरच्या फलकांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर, टी-शर्टांवर, मसाल्याच्या डब्यांवर. जेमतेम फूटभर लांबीची लाकडी पेटी, मध्ये भाता, उजव्या हाताला दहा बटणांची एक ओळ, डाव्या हाताला खर्जाची दोन बटणं, वर चार खुंट्या. पियानो-अकॉर्डियनसारखा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा थाट नाही. हे वाद्य म्हणजेच केजन परंपरा, असं तिथले पर्यटनवाले सांगतात आणि तिथली बरीच माणसंही मनापासून मानतात.

मी या गाण्याच्या नादी लागले ती मात्र एका फिडलवाल्यामुळे. फिडल म्हणजे व्हायोलिनच. मायकेल डूसे त्याचं नाव, आणि बँडचं नाव बोसोले. १९७५ साली सुरू झालेल्या या बँडची ओळख करून देताना सगळे एकच सांगतात: जुन्या केजन गाण्यात जॅझ, ब्लूज, कॅरिबियन ताल, रॉक असं सगळं मिसळणारी मंडळी. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. त्यांना एवढं नवं मिसळता आलं, कारण ते आधी परंपरेच्या मागे गेले. मागे म्हणजे कुठे? तर अकॉर्डियन यायच्या आधी. हे नीट सांगायचं तर त्या दहा बटणांपासूनच सुरुवात करायला हवी.

मी मूळची मिरजेची. लहानपणी पेटी शिकले, पुढे भजनी मंडळांपासून गाण्याच्या खासगी बैठकींपर्यंत साथीला बसत राहिले. साथीला बसणाऱ्याला आपल्या वाद्याला काय येत नाही ते फार लवकर कळतं. गाणारा गंधारावरून हलकेच ऋषभावर उतरतो आणि आपण दोन पट्ट्यांमधल्या फटीकडे बघत बसतो. याच कारणासाठी आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केलं होतं आणि ते पुन्हा किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. बंदीमागे परदेशी वाद्य म्हणून असलेला राग होताच, पण मींड येत नाही आणि श्रुती लागत नाहीत हा आक्षेप खरा होता. आम्ही पेटीवाले तो आक्षेप मान्य करतो आणि पेटी वाजवत राहतो.

ह्यूस्टनला आल्यावर आमच्या गल्लीत एक आजोबा भेटले. जन्म लुइझियानातल्या चर्च पॉइंट गावाजवळचा, नोकरी आयुष्यभर बोमाँटच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात. माझी पेटी ऐकून एका संध्याकाळी ते आपलं अकॉर्डियन घेऊन आले आणि 'बघ वाजवून' म्हणाले. माझ्या हातून धड एक सरगम निघेना. या वाद्यात एकाच बटणाचे दोन स्वर असतात. भाता दाबलात तर एक, ओढलात तर दुसरा. ढोबळमानाने सांगायचं तर दाबताना सा, ग, प आणि ओढताना रे, म, ध, नी. म्हणजे साधी 'सा रे ग म' वाजवायची तरी भाता आत-बाहेर, आत-बाहेर. आपल्या पेटीत डावा हात हवा भरतो आणि उजवा गातो; दोघांचा एकमेकांशी फारसा झगडा नसतो. इथे सूर बदलायचा तर श्वास बदलावा लागतो. त्या सततच्या हिसक्यांमधून जो ठेका निघतो तोच केजन नाचाचा ठेका. तो वादक वेगळा घालत नाही, वाद्याच्या घडणीतूनच तो येतो.

आणि कोमल स्वर? नाहीतच. सगळा बिलावल. एकाच पट्टीतला, बहुधा काळी-पांढरीच्या हिशेबात पांढरी एकचा. कोणी वेगळ्या पट्टीत गायचं म्हटलं तर दुसरं अकॉर्डियन आणायचं. मला गंमत वाटली ती पुढच्या युक्तीची. आजोबांनी एक रडवेलं गाणं वाजवलं आणि त्यात चक्क कोमल निषाद लागला. दोनदा ऐकल्यावर उलगडा झाला: ते पंचमालाच षड्ज मानून वाजवत होते. तिथून मोजलं की मध्यम कोमल निषाद होतो आणि बिलावलातून खमाज निघतो. मूर्च्छना! त्यांना हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं, त्यांनी ते बापाकडून उचललेलं. ब्लूजच्या जवळ जाणारी पुष्कळ केजन गाणी अशीच वाजवली जातात. दहा बटणांच्या तुरुंगात माणसांनी केवढी खिडकी पाडली बघा.

तरी तुरुंग तो तुरुंगच. आणि तो तसा फार जुनाही नाही.

केजन लोकांचे पूर्वज अकेडियन, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावरचे फ्रेंच शेतकरी. १७५५ सालापासून इंग्रजांनी त्यांना घरादारातून उठवलं, जहाजांत कोंबून जिकडेतिकडे फेकलं. हजारो माणसं. कुटुंबं फुटली, कित्येक वाटेतच रोगराईने गेली. त्यातला सुमारे दोनशे जणांचा एक जथा १७६५ मध्ये लुइझियानात पोचला. त्याचा पुढारी जोसेफ ब्रुसार, टोपणनाव बोसोले. इंग्रजांशी बंदुकीने लढलेला माणूस. डूसेने बँडला नाव दिलं ते त्याचंच.

या लोकांनी सोबत आणली ती गाणी, बरीचशी बिनवाद्याची, आणि पुढे हाताशी आली ती फिडल. धरण्याची आणि गज फिरवण्याची तऱ्हा तेवढी व्हायोलिनपेक्षा वेगळी. घरातलं सामान बाहेर काढून रिकाम्या केलेल्या खोलीत दोन फिडलवाले बसायचे. एक चाल वाजवणार, दुसरा खालच्या तारांवर खर्जात ठेका धरणार. त्यांच्याकडे वॉल्ट्झ होते, टू-स्टेप होते, आणि शिवाय माझुर्का, पोल्का, रील, कोंत्रदांस असे नाचांचे अनेक प्रकार होते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला जर्मन बनावटीची स्वस्त अकॉर्डियनं तिथल्या दुकानांत सर्रास मिळू लागली. वाद्य दणकट, दमट हवेत न कुरकुरणारं, आणि मुख्य म्हणजे आवाज मोठा. विजेशिवायच्या खोलीत नाचणाऱ्या पायांच्या धडधडाटावर मात करायला दोन फिडलींपेक्षा एक अकॉर्डियन भारी. ते जिंकलं यात नवल नाही. पण जिंकताना त्याने बरंच काही बाजूला सारलं. ज्या चालींना कोमल स्वर लागायचे, ज्या मध्येच पट्टी बदलायच्या, त्या मागे पडल्या. फिडल साथीला गेली. अकॉर्डियनच्या पट्टीशी जुळावं म्हणून फिडलवाले तारा एक स्वर खाली उतरवू लागले. वॉल्ट्झ आणि टू-स्टेप उरले, बाकीचे नाच म्हाताऱ्यांच्या आठवणीत गेले. आज ज्याला परंपरा म्हणून डोक्यावर घेतात, ते वाद्य एकेकाळी या घरात शिरलेलं परकं पाहुणंच होतं. मला यात अकॉर्डियनची निंदा करायची नाही. पेटीवाल्या बाईने ती कोणत्या तोंडाने करावी?

पहिली केजन तबकडी निघाली २७ एप्रिल १९२८ रोजी, न्यू ऑर्लीन्समध्ये. अकॉर्डियनवर जो फाल्कन, गिटारवर क्लेओमा ब्रो. पुढच्या वर्षी आणखी दोन जोड्यांचं ध्वनिमुद्रण झालं आणि माझ्या मते सगळी पुढची गोष्ट त्या दोन जोड्यांत आहे. एक जोडी डेनिस मगी आणि त्याचा मेहुणा सेडी कूरव्हिल यांची: दोन फिडली, जुन्या घडणीतल्या. दुसरी जोडी त्याच मगीची आणि आमेदे आर्दवांची. आर्दवां अकॉर्डियनवाला, क्रिओल, म्हणजे लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी. मगी गोरा. वंशभेदाच्या कायद्यांचा तो काळ, पण तबकडीवर दोघे शेजारी बसून वाजवतात. आर्दवांचा उंच, आर्त आवाज आणि त्याची तुटक, उसळती बोटं यांतून आजच्या केजन आणि झायडेको (क्रिओल लोकांचं अकॉर्डियनवरचं नाचगाणं) या दोन्ही संगीतप्रकारांचा पाया घातला गेला. त्याच्या नावावर फक्त ३४ ध्वनिमुद्रणं आहेत. शेवटची १९३४ मधली.

त्यानंतरचं जे सांगतात ते सांगायला जीभ रेटत नाही. एका गोऱ्यांच्या नाचात वाजवताना घाम पुसायला म्हणून यजमानाच्या मुलीने त्याला आपला रुमाल दिला. एवढाच गुन्हा. परतताना काही गोऱ्यांनी गाठून त्याला बेदम मारलं. तो पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात तो वारला. कबरीवर नाव नाही. ओपेलूससला २०१८ साली त्याचा पुतळा उभारला गेला. केजन संगीतात 'बाहेरचं' कधी मिसळलं असं विचारणाऱ्यांना मी आर्दवां ऐकायला सांगते. ज्यांनी त्याला मारलं त्यांच्या नातवंडांच्या लग्नातही बहुधा त्याच्याच चाली वाजल्या असतील.

१९३०च्या दशकात आणखी एक उलथापालथ झाली. तेल तर १९०१ मध्येच सापडलं होतं, लुइझियानातल्या जेनिंग्जला आणि टेक्ससमधल्या बोमाँटला एकाच वर्षी. आता रस्ते झाले, रेडिओ आला, टेक्ससचं वेस्टर्न स्विंग आलं, म्हणजे कंट्री (अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांचं गाणं) आणि जॅझ यांची नाचती मिसळ. हॅकबेरी रॅम्बलर्स नावाचा बँड १९३३ पासून खेडोपाडी वाजवू लागला. वीज नसलेल्या नाचघरांत ते आपली फोर्ड मोटार बाहेर चालू ठेवायचे आणि तिच्या इंजिनवर ध्वनिवर्धक चालवायचे. माइक आल्यावर फिडलचा आवाज पुरायला लागला, आणि मोठ्या आवाजाच्या जोरावर राज्य करणारं अकॉर्डियन तबकड्यांवरून जवळजवळ दशकभर नाहीसं झालं. त्या बँडने फ्रेंच गाणी, कंट्री आणि स्विंग सगळं एकाच रात्रीत वाजवलं. त्यांना कुणी फ्यूजन म्हटलं नाही. नाचायला आलेल्या लोकांनी पैसे दिले होते, लोकांना जे हवं ते वाजवायचं.

इथे माझं ह्यूस्टन गोष्टीत येतं. १९४६ मध्ये हॅरी चोट्स नावाच्या फिडलवाल्याने एक जुना केजन वॉल्ट्झ स्विंगच्या अंगाने वाजवला आणि ती तबकडी ह्यूस्टनच्या गोल्ड स्टार कंपनीने काढली. ती देशभर गाजली, कंट्रीच्या याद्यांत वर चढली. दोन वर्षांनी, १९४८ मध्ये, आयरी लजून नावाचा जवळजवळ आंधळा तरुण ह्यूस्टनलाच आला आणि त्याने अकॉर्डियनवर एक वॉल्ट्झ ध्वनिमुद्रित केला. युद्धावरून परतलेल्यांना घरचा आवाज हवा होता. अकॉर्डियन परत आलं ते या तबकडीवर स्वार होऊन. म्हणजे ज्या शहराला इथले लोक फक्त तेल, रॉकेट आणि ट्रॅफिक यांसाठी ओळखतात, तिथे दोन वर्षांच्या अंतराने या संगीताची दोन वळणं घडली. मी आता त्या भागातून गाडी नेताना उगाचच वेग कमी करते.

चोट्स १९५१ मध्ये ऑस्टिनच्या तुरुंगात मेला, लजून १९५५ मध्ये रस्त्याकडेला टायर बदलताना मोटारीखाली गेला. या इतिहासात म्हातारपणापर्यंत पोचणं हीच एक कर्तबगारी होती.

ती कर्तबगारी डेनिस मगीने केली. जन्म १८९३, मृत्यू १९८९. मधल्या काळात यूनिस गावात त्याने लोकांचे केस कापले. आणि डोक्यात दोनशे वर्षांच्या चाली सांभाळल्या. त्या कुणी विचारत नव्हतं. लुइझियाना राज्याच्या १९२१च्या घटनेने शाळांतून फ्रेंच हद्दपार झाली होती. आवारात फ्रेंच बोललं म्हणून मुलांना शिक्षा व्हायच्या, पाटीभर ओळी लिहाव्या लागायच्या. आमचे आजोबा त्या पिढीचे. घरी आजीशी फ्रेंच, शाळेत तोंड बंद. आपल्या मुलांशी ते फ्रेंच बोलले नाहीत. 'त्यांना तो मार कशाला?' एवढंच म्हणतात. भाषेबरोबर गाण्याचीही लाज वाटू लागली. म्हाताऱ्यांच्या गाण्याला टवाळीची नावं पडली.

१९६४ मध्ये ड्यूई बाल्फा हा फिडलवाला दूर ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गेला. जाण्याआधी लुइझियानातल्याच एका वृत्तपत्राने 'हे असलं बाहेर कशाला दाखवता' अशा सुरात लिहिलं होतं. बाल्फाने तोवर घरगुती नाचांत वाजवलेलं, दोनशे माणसंही एका जागी पाहिली नसतील. न्यूपोर्टला हजारोंचा जमाव होता आणि तो त्यांना मंचावरून उतरू देईना. तो घरी परतला तो ध्यास घेऊन. २६ मार्च १९७४ रोजी लुइझियानातल्या लाफायेत शहरात मोठी मैफल झाली आणि आयोजकांनी मुद्दाम खुर्च्या मांडल्या. नाचायचं नाही, बसून ऐकायचं. शतकभर ज्या संगीताला नाचाचं इंधन म्हणून वापरलं, त्याला एकदा कला म्हणून मान द्यायचा. मला ही कल्पना आवडते आणि थोडी खटकतेही. पण त्या क्षणी ती गरजेची होती.

मायकेल डूसे या सगळ्याच्या ऐन मध्ये वाढला. जन्म १९५१, लाफायेतजवळच्या स्कॉट गावात. त्याच्या पिढीच्या मुलांसारखाच रॉकवर पोसलेला. इंग्रजी रोमँटिक कवींवर पुढचं शिक्षण घ्यायचं ठरत होतं, तेवढ्यात १९७४ मध्ये फ्रान्सला वाजवायला जायची संधी आली. तिथे तरुण मुलं जुनी फ्रेंच लोकगीतं बिनदिक्कत नव्या वाद्यांवर वाजवत होती. आपल्या गावची म्हातारी माणसं जे गातात त्याचे नातलग इथे भेटतात हे त्याने ऐकलं. परत आल्यावर त्याने दोन गोष्टी एकदम केल्या. एकीकडे कोतो नावाच्या विजेच्या गिटारींच्या केजन-रॉक बँडमध्ये धुमाकूळ घातला. दुसरीकडे सरकारी शिष्यवृत्ती घेऊन म्हाताऱ्यांच्या दारात जाऊन बसला: मगी, बाल्फा, वॅरिस कॉनर, कॅनरे फाँतनो.

या कॅनरे फाँतनोविषयी थोडं थांबून सांगायला हवं. क्रिओल, कृष्णवर्णीय, जन्म १९२२. त्याची पहिली फिडल सिगारच्या खोक्याची होती, आणि तारा दाराच्या जाळीतून उपसलेल्या. त्याचा गज ऐकताना पहिल्यांदा मला लुइझियानात मींड सापडली. तो गंधारावर जाताना कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी रेंगाळतो, पोचतो-न पोचतो असं करतो. आपल्याकडे या जागेला नाव देऊन तिच्यावर वाद घातले असते. त्या जागेला अकॉर्डियनमध्ये बटण नाही. पेटीतही पट्टी नाही.

डूसेला या म्हाताऱ्यांकडून मिळाला तो हा मोकळा प्रदेश. मगीकडून विस्मृतीत गेलेले नाच, माझुर्का आणि कोंत्रदांस, वळणावळणाच्या चाली. फाँतनोकडून ब्लूजची घसरण. शिवाय लोकगीतं गोळा करत हिंडणाऱ्या लोमॅक्स पितापुत्रांनी १९३४ मध्ये लुइझियानात मुद्रित केलेली बिनवाद्याची गाणी त्याच्या पिढीला नव्याने सापडली. हे सगळं हातात घेऊन त्याने बोसोले उभा केला तेव्हा बँडच्या मध्यभागी फिडल होती. अकॉर्डियन होतं, आणि पुढे अनेक वर्षं ते जिमी ब्रोने फार सुंदर वाजवलं, जो पहिल्या तबकडीवरच्या क्लेओमाच्या घराण्यातला. पण गाणं कुठल्या पट्टीत जायचं हे त्या दहा बटणांनी ठरवायचं नाही, एवढा बदल झाला. आणि एवढ्याच बदलाने बाकी सगळी दारं उघडली. पट्टी बदलता येते म्हणजे जॅझचे स्वरमेळ घेता येतात. कोमल स्वर घेता येतात म्हणजे ब्लूज नुसता सूचित न करता थेट गाता येतो. बिली वेअरच्या हातात तिकोनी लोखंडी घंटेबरोबर कोंगा हा हाताने वाजवायचा ढोल आला. मायकेलचा भाऊ डेव्हिड विजेशिवायच्या गिटारवर अशा सुट्या सुट्या ताना घेतो की जिथे गिटारचं काम फक्त ठेका धरणं होतं तिथे ती गायला लागली.

म्हणून मला 'परंपरा अधिक जॅझ' हे बेरजेचं गणित पटत नाही. त्यांच्या १९८४च्या ध्वनिमुद्रिकेत फारसं 'बाहेरचं' नाही, आणि तरी ती १९५०च्या नाचघरातल्या केजनपेक्षा कितीतरी मोकळी वाटते. कारण ती १९५०च्याही मागून येते. उलट २०१३च्या 'फ्रॉम बामाको टू कॅरेनक्रो' या अल्बममध्ये सोल गायक जेम्स ब्राउन आहे, जॅझ सॅक्सोफोनवाल्या जॉन कोलट्रेनचं एक ब्लूज आहे, मालीच्या गिटारीची आठवण आहे. कॅरेनक्रो हे लाफायेतला खेटून असलेलं गाव, बामाको ही मालीची राजधानी. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचा लुइझियानाशी असलेला संबंध त्या नावातच आहे. कोलट्रेनचं ब्लूज तिथे ठिगळासारखं दिसत नाही. फाँतनोचा गज ज्याने पचवला आहे त्याला ते जवळचंच.

सगळंच मला आवडतं असं नाही. बोसोलेचे काही अल्बम पाहुण्यांनी गजबजलेले आहेत. एखादं गाणं संपताना वाटतं, बसा आता सगळे, डूसेला वाजवू द्या. मधल्या काळात मोठ्या झगमगाटात ते गेलेच होते. मेरी चॅपिन कार्पेंटरच्या १९९१च्या गाजलेल्या कंट्री गाण्यात त्यांचं नाव येतं आणि साथही त्यांचीच आहे. १९९८ मध्ये ग्रॅमी मिळालं, २००९ मध्ये पुन्हा. हे सगळं छान. पण त्या बँडचं मोल मला त्या बक्षिसांत सापडलं नाही.

ते सापडलं नाचणाऱ्यांच्या पायांत. ऑक्टोबरात लाफायेतच्या जिरार्ड पार्कमध्ये केजन-क्रिओल महोत्सव भरतो. ह्यूस्टनहून इंटरस्टेट दहाने सरळ पूर्वेला. लेक चार्ल्सचा तो उंच, अरुंद पूल, ज्याच्या कठड्यावर कुणा हौशी माणसाने ओळीने पिस्तुलांच्या जोड्या ओतवल्या आहेत, तो ओलांडला की भाताची खाचरं सुरू होतात. त्याच पाण्यात क्रॉफिश हे झिंग्यांसारखे जीवही पोसतात. आजोबा शेजारच्या सीटवर. बोसोले वाजवायला लागले तेव्हा गवतावर जोड्या गोल फिरू लागल्या. वॉल्ट्झ, मग टू-स्टेप. मध्ये डूसेने अशी एक लांब तान घेतली की ती मूळ चालीपासून कुठल्या कुठे गेली; मी श्वास धरला, आमच्याकडे गायक समेपासून दूर गेल्यावर धरतात तसा. नाचणाऱ्यांपैकी एकाचंही पाऊल चुकलं नाही. सत्तरीच्या बायका पांढऱ्या बुटांत शांतपणे फिरत होत्या. मी आजोबांना विचारलं, हे तुमच्या वडिलांना चाललं असतं का? ते म्हणाले, डावा पाय कुठे टाकायचा ते सापडतंय ना, मग वर काय चाललंय ते बघायला आमचे म्हातारे कधी थांबले नाहीत.

तिथे मला १९७४च्या त्या खुर्च्या आठवल्या. बसून ऐकण्याचा मान मिळाला ते बरंच झालं, पण या संगीताचा परीक्षक नाचाची जमीनच आहे. मिसळ किती झाली ते टीकाकार मोजतात. पायांना फक्त सम लागते.

पुढच्या पिढीने ताण आणखी वाढवला. लुई आणि आंद्रे मिशो या भावांचा लॉस्ट बायू रॅम्बलर्स १९९९ मध्ये अगदी सोवळ्या केजन गाण्यापासून सुरू झाला. २०१७च्या 'कलेंडा' या अल्बमपर्यंत येताना त्यात विजेच्या वाद्यांचा घूं-घूं नाद, यंत्रांचे आवाज, गुरगुरणारा ढोल असं सगळं आलं, आणि २०१८ मध्ये त्याला ग्रॅमीही मिळालं. लुई फिडल वाजवतो आणि गातो मात्र जुन्या ग्रामीण फ्रेंचमध्येच. मी तो गाडीत लावला. आजोबांनी जेनिंग्जपर्यंत सहन केला आणि मग बंद केला. मला आवडतो, फिडलचा अखंड षड्ज तानपुऱ्यासारखा लावून ठेवायची ती सोय माझ्या कानाला ओळखीची आहे. आमचा यावर अजून वाद चालू आहे.

त्या वादाला एक मजेदार तळटीप आहे. यूनिसच्या बाहेर मार्क साव्ह्वा यांचं अकॉर्डियनचं दुकान आहे. जर्मनीतून येणारी वाद्यं दुसऱ्या महायुद्धामुळे बंद झाल्यावर लुइझियानातल्या लोकांनी ती स्वतःच बनवायला घेतली. साव्ह्वा त्यांच्यातले सर्वांत नामवंत कारागीर, आणि जुनं सोडू नये या मताचे कट्टर. शनिवारी सकाळी त्यांच्या दुकानात म्हातारे-तरुण खुर्च्या ओढून वाजवत बसतात. आणि हेच साव्ह्वा, त्यांच्या पत्नी ॲन आणि मायकेल डूसे असं त्रिकूट वर्षानुवर्षं एकत्र वाजवत आलं आहे: अकॉर्डियन, गिटार, फिडल, बस्स. मिसळणारा डूसे तिथे एकही परका स्वर लावत नाही. लावायची गरज पडत नाही, आणि जिथे लावायचा तिथे कसा लावायचा हे त्याला या खुर्च्यांवर बसूनच समजलं असावं.

कुणाला ऐकायची इच्छा झाली तर आधी १९२९चे मगी आणि कूरव्हिल ऐका, दोन फिडली, खरखरीतून. मग मगी आणि आर्दवां. मग फाँतनो. मग बोसोलेची १९८४ची ध्वनिमुद्रिका आणि शेवटी बामाकोवाली. मी नेमकी उलटीकडून ऐकत गेले आणि मगीपर्यंत पोचले तेव्हा तो मला आठवडाभर बेसूर वाटत होता.